मामांचं धनुष्य दुरुस्त करावं का?

एका वाचकाचं पत्र:

«ताई, नमस्कार. आम्ही खानापूर तालुक्यातले, जांबोटीच्या बाजूचे. माझे थोरले मामा अमेरिकेत नोकरीला होते. तिथं ते रीतसर लायसन काढून हरणांच्या शिकारीला जायचे. 2008 साली कायमचे परत आले तेव्हा त्यांचं कंपाउंड धनुष्य सोबत घेऊन आले. मामा गेल्यावर मामींनी ते मला दिलं. तेव्हापासून सोप्यात खुंटीला आहे. पात्यावरच्या चिठ्ठीत 29 इंच आणि 60-70 पाउंड एवढं वाचता येतं. मामा चांगले सहा फूट, मी पाच फूट पाच इंच. गेल्या गणपतीत भाच्यानं ते ओढलं आणि बाण न लावताच सोडलं. ठण्णकन आवाज झाला, पण तुटलं काही नाही बघा. दोरी मात्र उसवल्यासारखी दिसते. बेळगावच्या उद्यमबागेतल्या कारखान्यातला मित्र म्हणतो, वाइसमध्ये धरून दोरी बदलून देतो. पुण्याचा एक ओळखीचा म्हणतो, जुनं सोड, माझं सेकंडहँड घे. मला स्वतःला शिकायचंय, शिवाय सातवीतल्या लेकीनं तिरंदाज अदिती स्वामीला बघून हट्ट धरलाय. आणि खरं सांगायचं तर भातात रानडुकरं शिरतात, तोही विचार मनात आहे. दुरुस्ती करू की नवीन घेऊ, सांगा की. फोटो पाठवतोय.»

नमस्कार,

दुरुस्ती की नवीन हे नंतर बघू. आधी आजच्या आज ते धनुष्य खुंटीवरून काढा आणि कुलपात ठेवा. कोणी ओढायचं नाही, तुम्हीसुद्धा नाही.

कंपाउंड धनुष्य नुसतं टांगलेलं असलं तरी ताणलेलंच असतं. त्याची पाती, ज्यांना सगळे लिम्ब म्हणतात, ती कायम थोडी वाकलेली असतात आणि दोरी-केबल्स त्यांना धरून ठेवतात. ओढताना तुम्ही घातलेला जोर लिम्बमध्ये साठतो आणि सोडल्यावर बाण तो घेऊन जातो. बाणच नसेल तर तो जोर जाणार कुठं? लिम्बमध्ये, त्यांच्या टोकांवरच्या चाकांत म्हणजे कॅममध्ये, ती चाकं ज्यावर फिरतात त्या धुऱ्यात आणि दोरीत परत शिरतो. भाच्याच्या हातून नेमकं तेच झालं. तुम्हाला ऐकू आलेला तो ठण्ण आवाज त्या जोराचाच. पोराला बोलू नका. भिंतीवरचं धनुष्य पाहुण्यांच्या हातात जातंच, आणि हातात आलं की माणूस ते ओढून बघतोच. पण लिम्ब काचतंतूंचे थर राळेत चिकटवून केलेले असतात. आतला थर सुटला तरी वरून काही दिसत नाही. तो तडकतो पुढच्या वेळी, पूर्ण ओढीवर, दोरी तुमच्या गालाला टेकलेली असताना. म्हणून कुलूप.

आता तुमच्या प्रश्नाकडे. तुम्ही दोरीबद्दल विचारलंत, मित्र दोरीबद्दल बोलला. माझी नजर मात्र चिठ्ठीवरच्या 29 या आकड्यावर अडली.

तो आकडा ओढीच्या लांबीचा, म्हणजे ड्रॉ लेंथचा. ती काढायची साधी रीत अशी: भिंतीला पाठ लावून दोन्ही हात आडवे पसरा, एका मधल्या बोटाच्या टोकापासून दुसऱ्याच्या टोकापर्यंत इंचात माप घ्या आणि अडीचनं भागा. बहुतेक माणसांची ही पसर उंचीच्या आसपास असते. मामा सहा फूट, म्हणजे 72 इंच. अडीचनं भागले की 29 ला जरा कमी. त्यांनी धनुष्य आपल्या अंगाचं बरोबर निवडलं होतं. तुमचे 65 इंच धरले तर येतात 26. तीन इंचांचा फरक आहे, आणि कंपाउंडमध्ये हा फरक फार मोठा. साध्या धनुष्यात तुमचा हात थांबेल तिथं ओढ थांबते. कंपाउंडमध्ये ओढ कुठं संपायची ते कॅम ठरवतो आणि माणसाला तिथवर जावंच लागतं. तीन इंच जास्त असलेलं धनुष्य ओढायला तुम्ही मागं रेलाल, पुढचा खांदा वर चढेल, कोपर उलटा ताणला जाईल आणि सुटलेली दोरी हाताच्या आतल्या बाजूला फटका मारत जाईल. तो फटका एकदा बसला की पुढं प्रत्येक बाणाला हात आपोआप दचकतो. ही सवय मोडायला शिकवणाऱ्याचे महिने जातात. कितीही भारी दोरी बसवा, या तीन इंचांवर ते औषध नाही.

यातून वाट आहे का? असू शकते. काही कॅमवर एक छोटी पट्टी असते, तिला मॉड्यूल म्हणतात. तिचे स्क्रू सैल करून ती सरकवली किंवा दुसऱ्या मापाची बसवली की ओढ अर्ध्या-अर्ध्या इंचानं कमी-जास्त होते. काही धनुष्यांत मात्र अख्खा कॅमच बदलावा लागतो. इतक्या जुन्या मॉडेलचा कॅम मिळवायचा म्हणजे कंपनीकडे शिल्लक आहे का इथपासून सुरुवात. तुमच्या फोटोत कॅमची एकच बाजू दिसते आणि तिच्यावर पट्टी आहे की नाही ते कळत नाही. त्यामुळे दोरीची ऑर्डर द्यायच्या आधी हे शोधायला हवं. हे धनुष्य 26 इंचांपर्यंत येत नसेल तर तुमच्यापुरता दुरुस्तीचा विषय तिथंच मिटला.

दुसरा आकडा 60-70. तो भाराचा, म्हणजे धनुष्य ओढायला किती जोर लागतो त्याचा. साठ पाउंड म्हणजे सुमारे 27 किलो. कंपाउंडची गंमत अशी की पूर्ण ओढीवर कॅम फिरतो आणि हातावरचा भार एकदम उतरतो. 80 टक्के उतरत असेल तर 60 पाउंडाचं धनुष्य धरून ठेवायला 12 पाउंडच लागतात. पण तिथं पोचायला आधी साठाचा चढ चढावाच लागतो, प्रत्येक बाणाला. शेतात राबणारा माणूस हे ओढू शकणार नाही असं मी म्हणत नाही. दहा बाण तुम्ही सहज ओढाल. पण शिकणं म्हणजे तीच कृती शांतपणे, तशीच्या तशी, शेकडो वेळा करणं. नवशिक्या मोठ्या माणसाला मी चाळीस पाउंडांच्या आसपास सुरुवात करायला सांगते. क्लबमधलं धनुष्य घेऊन खुर्चीत बसा, धनुष्य खांद्याच्या रेषेत धरा आणि हात आभाळाकडे न नेता सरळ मागं ओढा. तसं ओढता आलं तर ते वजन तुमचं.

लिम्बचे बोल्ट सैल करून भार कमी करता येतो, पण चिठ्ठीतल्या खालच्या आकड्यापर्यंतच. म्हणजे तुमच्याकडे साठ. त्याखाली उतरायला कोणी आणखी आटे फिरवायला लागला तर त्याचा हात धरा. बोल्टाची पकड सुटली की ताणातला लिम्ब खाचेतून उसळून बाहेर येतो.

मामांचं धनुष्य वाईट आहे असा याचा अर्थ मुळीच नाही. ज्या कामाला त्यांनी ते घेतलं त्याला ते चोख होतं. हरणाच्या शिकारीला जड बाण आणि बाणाच्या टोकाला रुंद धारदार पातं लागतं, म्हणून भार जास्त. झाडावरच्या मचाणात किंवा झुडपांत अडकू नये म्हणून धनुष्याची लांबी कमी. निशाण्याच्या धनुष्याचं गणित वेगळं असतं. तिथं धनुष्य लांब असतं, कारण लांब धनुष्य हाताची छोटी चूक सांभाळून घेतं. आंतरराष्ट्रीय स्पर्धेत कंपाउंडला 60 पाउंडांच्या वर परवानगीच नाही. तिथं अंतर 50 मीटर आणि निशाणाचा कागद 80 सेंटिमीटरचा.

समजा नशिबानं मॉड्यूल 26 पर्यंत येतं. तरी लिम्ब तपासल्याशिवाय पैसे घालू नका. ही तपासणी घरी करता येते, धनुष्य न ओढता. उन्हात किंवा टॉर्चच्या तिरप्या उजेडात बसा. कापसाचा बोळा घ्या आणि चारही कडांवरून, वरून खाली आणि खालून वर, अगदी हलक्या हातानं फिरवा. उघड्या बोटानं फिरवू नका. काचेची सळ चामडीत गेली तर दिसतही नाही आणि निघतही नाही. बोळा कुठं अडकला, एखादा तंतू मागं राहिला, तर तिथंच थांबून खूण करा. तिथं थर उचललाय. जास्त लक्ष द्या ते टोकाला, जिथं कॅमचा धुरा लिम्बमधून जातो, आणि मुळाशी, जिथं लिम्ब खाचेत बसतो. धुऱ्याभोवती केसाएवढी रेष लिम्बच्या लांबीत गेलेली दिसली तरी ती चीरच समजा. मग इअरबडचा कापूस कॅमच्या दोरी बसणाऱ्या खोबणीत फिरवा. तिथं टवका उडाला असेल तर नवी दोरीही तो महिन्याभरात कापेल. फोटोत खालच्या धुऱ्याला तांबूस गंज दिसतोय. जांबोटी-कणकुंबीच्या पावसात इतकी वर्षं तेल न लावता टांगलेलं लोखंड दुसरं काय करणार! गंज वरवरचा असेल तर धुरा बदलून भागेल. लिम्बला चीर असेल तर मात्र दुरुस्ती नाही. अरल्डाइट नाही, फायबरची पट्टी नाही, काहीच नाही. लिम्ब जोडीनंच बदलतात, आणि एवढ्या जुन्या धनुष्यासाठी ती जोडी शोधण्यात वेळ आणि पैसा दोन्ही घालवू नका.

तुम्हाला जी सगळ्यात मोठी अडचण वाटली ती दोरी खरं तर यातली सगळ्यात सोपी गोष्ट. फोटो मोठा करून बघितला. खालच्या कॅमपाशी दोरीवरचं गुंडाळलेलं आवरण फाकलंय, फटीतून आतले पिवळट धागे दिसतात आणि त्यांच्यावर लव आलीये. ती दोरी संपली. नियमित वापरातली दोरी दोन-तीन वर्षांत बदलतात, मेण लावत राहिलं तरी. ही किती वर्षांची आहे ते तुम्हीच बघा. बदलायची झाली तर दोरी आणि केबल्स एकदमच बदला. जुन्या केबल्स आधीच लांबलेल्या असतात, नव्या दोरीबरोबर त्यांचा मेळ बसत नाही. माप कळलं की दोरी बनवून देणारे कुठल्याही जुन्या धनुष्याची दोरी बनवून देतात. लिम्बवरच्या चिठ्ठीत बहुधा दोरीची आणि केबलची लांबीही छापलेली असते. ओल्या फडक्यानं घासून ती चिठ्ठी घालवू नका.

उद्यमबागेतल्या मित्राबद्दल. तिथल्या कारागिरांच्या हाताबद्दल मला फार आदर आहे. धुऱ्यावरचा स्पेसर, वॉशर, धनुष्य ठेवायचा स्टँड, हे सगळं ते लेथवर सुरेख काढून देतील आणि ते त्यांच्याकडूनच करून घ्या. पण वाइसमध्ये धरून दोरी बदलणं, हे नको. कंपाउंडची दोरी काढायला दोन्ही लिम्ब एकाच वेळी, सारख्याच मापानं, हळूहळू दाबावे लागतात. त्यासाठी बो-प्रेस असतो. त्याचे पंजे लिम्बवर नेमके कुठं टेकायचे तेही धनुष्यागणिक बदलतं. चुकीच्या जागी दाबला तर चांगला लिम्बसुद्धा तिथंच पिचतो, आणि वाइसमधून सुटला तर समोरच्याचं तोंड जागेवर राहत नाही. सोनारानंच कान टोचावे. साताऱ्यात आणि पुण्यात कंपाउंड शिकवणाऱ्या अकादम्या आहेत, आपल्याच महामार्गावर. आधी फोन करून बो-प्रेस आहे का विचारा आणि मगच निघा. जाताना धनुष्य बंद गाडीत उन्हात सोडून जेवायला उतरू नका. उष्णतेनं राळ नरम पडते.

तर माझा कौल असा. मॉड्यूल 26 पर्यंत येत असेल आणि लिम्बला कापूस कुठंही अडकत नसेल, या दोन्ही गोष्टी जुळल्या, तरच दोरी-केबल्स बदला. भार तळाला ठेवा आणि आधी हलक्या धनुष्यावर शिकून मग याला हात लावा. यातली एक जरी चुकली तर दुरुस्तीवर रुपयाही घालू नका. बो-प्रेसवर नेऊन ताण उतरवून घ्या, दोरी काढून टाका आणि मग खुशाल सोप्यात लावा. मामांची आठवण राहील आणि येणाऱ्या गणपतीत कोणी ओढून बघायचा प्रश्नच उरणार नाही. तुम्ही लिहिलंय त्यावरून मला हीच दुसरी वाट जास्त संभवते असं वाटतं, आणि ते स्पष्ट सांगितलेलं बरं.

मामांचे बाण असतील तर तेही जपून. कार्बनचा बाण दोन्ही टोकांना धरून हलकेच वाकवा, फिरवून पुन्हा वाकवा, कानाशी धरा. किर्रर्र आवाज आला किंवा चीर दिसली तर मोडून फेकून द्या, म्हणजे दुसरं कोणी उचलणार नाही. तडकलेला बाण सुटताना फुटतो आणि धनुष्य धरलेल्या हातातच शिरतो. फार हलका बाणही नको. प्रत्येक पाउंडाला निदान पाच ग्रेन वजन हवं, म्हणजे 60 पाउंडांना 300 ग्रेन, साडेएकोणीस ग्रॅमच्या आसपास. त्याहून हलका बाण म्हणजे भाच्यानं केलं तेच थोड्या कमी जोरात.

पुण्याच्या ओळखीच्यांचं सेकंडहँड धनुष्य वाईटच असेल असं नाही. पण भाव विचारायच्या आधी ओढीची लांबी विचारा. 26 त्यात बसते का, आणि ती बदलायला काही वेगळं विकत घ्यावं लागतं का? मग भार कुठून कुठपर्यंत, दोरी कधी बदलली, बाण न लावता कधी सोडलं गेलंय का. शेवटच्या प्रश्नाला सगळे नाहीच म्हणतात, म्हणून कापसाचा बोळा खिशात घेऊन जा. शक्य असेल तर निदान एक पावसाळा क्लबच्या धनुष्यावर काढा आणि मगच विकत घ्या. तोवर तुमची ओढ आणि तुमचा भार तुम्हालाच कळलेला असेल.

लेकीचं मात्र थांबवू नका. साताऱ्याच्या अदितीनं 2023 मध्ये बर्लिनला जागतिक विजेतेपद मिळवलं तेव्हा ती 17 वर्षांची होती. त्याच स्पर्धेत नागपूरच्या ओजस देवतळेनं अंतिम सामन्यात 150 पैकी 150 गुण मारले. आणि 2028 च्या लॉस एंजेलिस ऑलिम्पिकमध्ये कंपाउंडचा मिश्र सांघिक प्रकार पहिल्यांदाच येतोय. पोरीनं हट्ट धरावा असाच हा काळ आहे. पण मामांच्या धनुष्याला तिचा हातसुद्धा लागू देऊ नका, आणि तिच्यासाठी आत्ताच महागडं कंपाउंडही घेऊ नका. सातवीतल्या मुलीची उंची भराभर वाढते, तिच्याबरोबर ओढही वाढते. तिला सोळा ते वीस पाउंडांचं साधं, सुटे भाग जोडायचं रिकर्व्ह द्या, म्हणजे टोकं पुढं वळलेलं, कॅम नसलेलं धनुष्य. वाढेल तसे त्याचे लिम्ब तेवढे बदलता येतात. कंपाउंडचाच ध्यास असेल तर जेनेसिससारखं मुलांचं धनुष्य बघा. त्याचा भार 10 ते 20 पाउंड असतो आणि ओढीचं माप ठरलेलं नसतं, त्यामुळे तिला आणि तुम्हाला दोघांनाही ते चालेल. पण धनुष्याआधी शिकवणारा शोधा. बेळगावात जिल्हा क्रीडा खात्याच्या कचेरीत चौकशी करा. कोल्हापूर-साताऱ्याकडे पाठवायचं ठरलं तर प्रवेशाआधीच एक गोष्ट विचारून घ्या: स्पर्धेसाठी तिची नोंदणी कर्नाटकातून होणार की महाराष्ट्रातून. आपल्या भागातल्या मुलांचं कागदपत्रांत अडून वर्ष वाया जाऊ नये एवढंच.

राहिली रानडुकरं. हा विचार मनातून पूर्ण काढा. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात शस्त्रांच्या व्याख्येतच धनुष्यबाणाचं नाव आहे. कलम 9 खाली शिकारीला बंदी आहे आणि शिकारीत जखमी करणं, तसा प्रयत्न करणं, हेही धरलंय. तुमच्या तालुक्यात भीमगड अभयारण्य आहे. लेखी परवानगीशिवाय शस्त्र घेऊन अभयारण्यात शिरणं हाच कलम 31 खाली गुन्हा ठरतो, बाण सुटला नाही तरी. मामांनी तिकडं जे केलं ते तिथल्या परवान्यावर. इथं तो परवाना नाही. शिवाय बाण लागलेलं जनावर जागेवर पडत नाही, रक्त सांडत पळतं, आणि जखमी डुक्कर सकाळी भात बघायला येणाऱ्या बाईमाणसाच्या अंगावर जातं. पिकाचं नुकसान झालं की त्याच दिवशी फोटो काढा, शेताचा उतारा जोडून वनखात्याकडे भरपाईचा अर्ज द्या आणि पोच घ्या. शेजारच्या शेतकऱ्यांना सोबत घेतलंत तर पंचनाम्याला माणूस लवकर येतो.

पुढच्या पत्रात कॅमच्या दोन्ही बाजूंचे जवळून फोटो पाठवा. त्यावर कोरलेली अक्षरं-आकडे वाचता येतील असे हवेत. पसरलेल्या हातांचं खरं मापही कळवा. मॉड्यूल बदलतं की नाही ते त्यावरून सांगता येईल.